एमएमए: नियम आले आणि खेळ वाढला (चर्चामंचावरचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

अष्टकोन

१२ नोव्हेंबर १९९३, अमेरिकेतलं डेन्व्हर शहर. एमएमए, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स: ठोसे, लाथा, कुस्ती आणि सांध्यांची कुलपं, सगळं एकत्र. हा खेळ भरवणाऱ्या यूएफसी या कंपनीची पहिली स्पर्धा. आठ खेळाडू, एका रात्रीत बाद फेरीचे तीन टप्पे, वजनगट नाहीत, गुण देणारे पंच नाहीत, विजेत्याला ५०,००० डॉलर. चावणं आणि डोळ्यांत बोटं घालणं सोडलं तर जवळपास सगळं चालत होतं. आर्ट जिमरसन हा बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता. ऐंशी किलोंच्या आसपासच्या रॉइस ग्रेसीनं जिमरसन, केन शॅमरॉक आणि जेरार्ड गोर्डो यांना ओळीनं हरवलं. तिन्ही लढतींचा वेळ एकत्र केला तरी पाच मिनिटं भरत नाहीत.

बहुतेक लेख खेळाचा जन्म इथंच धरतात. पण जपानमध्ये सातोरू सायामानं शूटो या मिश्र लढतींच्या प्रकाराची सुरुवात १९८५ मध्येच केली होती, आणि पॅन्क्रेस या तशाच दुसऱ्या संस्थेचा पहिला कार्यक्रम डेन्व्हरच्या आधी सात आठवडे, २१ सप्टेंबर १९९३ ला झाला. तिथं डोक्यावर मूठ चालत नसे, फक्त उघडा तळवा. त्याहून मागं ब्राझील आहे. कोदोकान या ज्युदोच्या मूळ शाळेचा ज्युदोपटू मित्सुयो माएदा १९१४ मध्ये तिकडे पोचला, बेलेममध्ये त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला, आणि त्या घराण्यानं 'वाले तुदो', म्हणजे सगळं चालेल अशा आव्हानी लढतींमध्ये आपली विद्या घासून घेतली. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये मासाहिको किमुरानं हेलिओ ग्रेसीचा हात ज्या पकडीत मोडला तिला आजही सगळे 'किमुरा'च म्हणतात. हरवणाऱ्याचं नाव हरलेल्या घराण्यानंच आपल्या विद्येत जपलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

धागा काढण्याचं कारण वेगळं आहे. हा खेळ रक्तपातामुळे लोकप्रिय झाला असं सर्रास म्हटलं जातं. तारखा लावून पाहिल्या तर उलट दिसतं. नियम नव्हते तेव्हा खेळ मरायला टेकला होता. नियम आल्यावर तो उभा राहिला. नियम, डावपेच, तयारी यांतलं ज्याला जे ठाम माहीत आहे ते त्यानं इथं लिहावं.

तिसरा पंच

तारखा मी लावतो.

१९९६ मध्ये सिनेटर जॉन मॅकेन यांनी या खेळाला 'माणसांची कोंबडझुंज' म्हटलं आणि राज्याराज्यांतल्या गव्हर्नरांना बंदीसाठी पत्रं पाठवली. १९९७ पर्यंत मोठ्या केबल कंपन्यांनी प्रक्षेपण सोडलं. फेब्रुवारी १९९७ ची यूएफसी १२ न्यूयॉर्क राज्यात व्हायची होती. आदल्या दिवशी ती हलवावी लागली. खेळाडू, लढतीचा जाळीचा पिंजरा, कॅमेरे, सगळं विमानानं अलाबामातल्या डोथनला गेलं. त्याच स्पर्धेत पहिल्यांदा वजनगट आले, तेही दोनच: २०० पाउंडांच्या वर आणि खाली.

त्याच वर्षी जुलैत यूएफसी १४ पासून ग्लोव्ह सक्तीचे झाले. ऑक्टोबरमध्ये यूएफसी १५ ला डोक्यानं धडक, जांघेत मार, केस ओढणं, एकेक बोट पिरगाळणं बंद झालं. १९९९ मध्ये पाच मिनिटांची फेरी आणि दहा गुणांची पद्धत आली. नोव्हेंबर २००० ची यूएफसी २८ न्यू जर्सीच्या सरकारी क्रीडा नियंत्रण मंडळाच्या देखरेखीखाली झाली, आणि एप्रिल २००१ मध्ये त्याच मंडळानं बोलावलेल्या बैठकीत आजचे 'युनिफाइड रूल्स', म्हणजे सगळ्यांना सारखे नियम, ठरले.

आता पैशाकडे पाहा. जानेवारी २००१ मध्ये फर्टिटा बंधूंनी यूएफसी घेतली २० लाख डॉलरला. २०१६ मध्ये ती विकली गेली सुमारे ४ अब्ज डॉलरला. मधला टप्पा म्हणजे २००५ ची 'द अल्टिमेट फायटर' ही मालिका. ९ एप्रिलला तिच्या अंतिम कार्यक्रमात फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बॉनर पंधरा मिनिटं न थांबता भिडले, तेही लढतीचे वेगळे पैसे न मोजता दिसणाऱ्या वाहिनीवर. पण तिथवर पोचायला आधी नेवाडा आणि न्यू जर्सीचा परवाना लागला. परवान्याशिवाय ना वाहिनी उभी करते ना जाहिरातदार. न्यूयॉर्कनं मात्र २०१६ पर्यंत दार उघडलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरामाउंटशी झालेला करार सात वर्षांचा आणि ७.७ अब्ज डॉलरचा आहे.

गोदाकाठ

तारखा पटल्या, पण 'नियम म्हणजे सुरक्षितता' एवढं सरळ नाही. ग्लोव्हचंच घ्या. चार औंसाचा उघड्या बोटांचा ग्लोव्ह समोरच्याच्या चेहऱ्यापेक्षा मारणाऱ्याची मूठ जास्त वाचवतो. उघड्या मुठीनं कवटीवर मारलं की करंगळी-अनामिकेच्या मागची हाडं मोडतात, म्हणून माणूस हात राखून मारतो. ग्लोव्ह आले तसे डोक्यावरचे ठोसे वाढले. शिवाय बोटं उघडी राहिल्यामुळे डोळ्यात बोट जाण्याची तक्रार अजून मिटलेली नाही. पकड घेता यावी म्हणून बोटं उघडी ठेवायचीच, हा या खेळाचा पेच आहे.

आणि प्राइड या जपानी स्पर्धेला विसरू नका. ११ ऑक्टोबर १९९७, तोक्यो डोम, रिक्सन ग्रेसी विरुद्ध ताकादा, तिथून सुरुवात. पिंजरा नाही, दोऱ्यांचा रिंग. पहिली फेरी दहा मिनिटांची, पुढच्या पाच-पाचच्या. खाली पडलेल्याच्या डोक्यावर लाथ चालायची, कोपर चालत नसे. टंगळमंगळ केली की पिवळं कार्ड आणि मानधनातले दहा टक्के कापले जायचे. गुण फेरीगणिक न देता पूर्ण लढतीवर. नियम वेगळे होते, पण होते आणि लोकांना पाठ होते. १ मे २००० ला साकुराबा आणि रॉइस ग्रेसी दीड तास लढले आणि प्रेक्षक बसून राहिले. प्राइड २००७ मध्ये यूएफसीच्या मालकांनी विकत घेतली आणि ती बंद पडली. तेव्हा तुमच्या मुद्द्यात एवढी भर: नियम कडक असण्यापेक्षा ठरलेले असणं महत्त्वाचं.

तांबडी माती

बॉक्सर मुहम्मद अली आणि जपानी कुस्तीगीर इनोकी यांच्या लढतीचा उल्लेख राहिला. २६ जून १९७६, तोक्योचं बुडोकान, पंधरा फेऱ्या, निकाल बरोबरी. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत होता. त्या वेळी लोकांनी शिव्या घातल्या, पण अलीच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या. आज पिंडरीवर मारलेली 'काफ किक' पाहताना ती लढत आठवावी; उभ्या बॉक्सरचा पाय हे त्याचं सर्वांत उघडं अंग आहे.

आपल्याकडच्या मल्लविद्येशी जवळचा धागा त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. कराचीत इनोकी अक्रम पैलवानाशी लढला. अक्रम म्हणजे इमाम बक्षचा मुलगा, थोर गामाचा पुतण्या. इनोकीनं हाताचं कुलूप लावलं, अक्रमनं हार मानली नाही आणि हात जायबंदी झाला. ताकद कमी पडली असं नव्हे. कुस्तीत चितपट होण्याची भीती असते. सांध्याच्या कुलपात 'आता थांब' असं थापटून सांगणं हा सरावाचा भाग असतो. तो सराव त्या परंपरेत नव्हता. १९७९ मध्ये लाहोरला त्याच घराण्यातला झारा पाच फेऱ्या टिकला आणि शेवटी इनोकीनंच त्याचा हात वर केला.

हलगी

माझा प्रश्न थेट आहे. मातीत आणि मॅटवर चार-पाच वर्षं खेळलेल्या पोराला एमएमएकडे वळायचं असेल तर नेमकं काय अडतं? 'कुस्ती पाया आहे' हे सगळे सांगतात, पुढचं कुणी सांगत नाही.

भारंदाज

हलगी, नीट लिहितो, कारण चुका ठरलेल्या आहेत आणि जवळपास प्रत्येक पैलवान त्याच करतो.

पहिली मान. आपला दुहेरी पट, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडण्याचा डाव, डोकं पुढं घालून, हात खाली ठेवून निघतो. इथं समोरचा गुडघा वर आणतो किंवा मान काखेत घेतो. मान काखेत गेली की गिलोटिन: मनगटाजवळचं हाड हनुवटीखाली, दुसऱ्या हातानं कुलूप, कंबर पुढं ढकलली की संपलं. भरत खंडारे हा भारतातून यूएफसीत गेलेला पहिला खेळाडू, मूळचा कुस्तीगीर. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला साँग यादोंगविरुद्ध पहिल्याच फेरीत गिलोटिनवर हरला. त्याला नावं ठेवायला हे लिहीत नाही. तिथवर पोचलेल्या माणसाच्या बाबतीतही हे घडतं, एवढा हा डाव कुस्तीच्या सवयीला चिकटलेला आहे. उपाय असा: आधी जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) किंवा ठोशाची हूल, मग पट. आत शिरताना नजर वर, कपाळ त्याच्या छातीला किंवा बरगडीला चिकटलेलं, कान त्याच्या अंगाला घासलेला. डोकं बाहेर लोंबलं की गेलं. तरी मान अडकलीच तर खेचून सोडवू नका. आधी दोन्ही हातांनी त्याचं मनगट खाली ओढा, आणि जमिनीवर असाल तर मान ज्या बाजूला अडकली आहे तिच्या उलट बाजूला सरका, खांद्याचा दाब त्याच्या गळ्यावर द्या.

दुसरी पाठ. ही सर्वांत अवघड, कारण वर्षानुवर्षं अंगात मुरलेली असते. कुस्तीत पाठ टेकली की हार, म्हणून पैलवान आपोआप पोटावर वळतो आणि भारंदाज डाव बसू नये म्हणून चपटा पडून राहतो. एमएमएत पोटावर पडणं म्हणजे पाठ दान करणं. तो दोन्ही पाय मांड्यांत अडकवणार, हात गळ्याखाली सरकवणार. हा चोक, म्हणजे गळ्याची पकड, श्वास नव्हे, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबतो. नीट बसला तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध जाते. उलट पाठीवर पडून पाय मध्ये ठेवणं, म्हणजे गार्ड, इथं खेळण्याजोगी जागा आहे. पहिले दोन महिने रोज दहा मिनिटं फक्त एवढंच करा: जोडीदार पाठीवर चढलेला, तुमचे दोन हात त्याच्या एका हातावर, हनुवटी आत, पाठ जमिनीला घासत त्याच्याकडे तोंड वळवणं.

तिसरी, पाडल्यानंतर थांबणं. चितपटाचा शिट्टीवाला इथं नाही. पाडून त्याच्या दोन पायांत बसलात, एक हात आत आणि एक बाहेर राहिला, की तो पाय मानेवर टाकून त्रिकोण करतो, म्हणजे पायांनी गळा आवळतो. दोन्ही हात आत किंवा दोन्ही बाहेर, कोपरं त्याच्या मांड्यांना टेकलेली, पाठ ताठ.

चौथी जाळी. भिंतीला टेकून उभं राहणं ही वेगळीच विद्या आहे. पट घेताना हात त्याच्या ढुंगणाखाली कुलूप, डोकं हनुवटीखाली, आणि त्याचे पाय भिंतीपासून बाहेर ओढायचे. भिंतीत आणखी दाबत बसलात तर त्याला उभं राहायला आधारच मिळतो. यूएफसीचा माजी विजेता खाबीब नुरमागोमेदोव याचं बरंचसं काम इथंच चाले: जाळीला बसवायचं, पाय गुंतवायचे, एक मनगट पाठीमागं अडकवायचं आणि मोकळ्या हातानं ठोसे.

आणि एक बारीक गोष्ट. मातीत लंगोट-जांगिया धरून कितीतरी डाव बसतात. इथं समोरच्याची चड्डी, ग्लोव्ह किंवा जाळी धरली की फाऊल. घामानं पकड निसटते, तेव्हा हाताचं कुलूप त्याच्या कमरेवर किंवा मांडीमागं लावायची सवय हवी.

गोदाकाठ

उत्तम. दमाचंही सांगा. मॅटवरची कुस्ती तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. इथं पाच-पाचच्या तीन, मध्ये एक मिनिट विश्रांती; विजेतेपदाला पाच फेऱ्या. पैलवान पहिल्या फेरीत सगळी पकड वापरतो आणि दुसरीत त्याला मूठच वळवता येत नाही.

भारंदाज

बरोबर. कारण ते सतत ओढत राहतात. वर बसल्यावर वजनानं दाबायचं, हातानं नाही. सरावात पाच मिनिटांची फेरी लावून मुद्दाम साठ टक्के जोरानं खेळा.

रानजाई

मुलींच्या बाजूनं थोडं. यूएफसीत महिलांची पहिली लढत फेब्रुवारी २०१३ ची, राँडा राउझी विरुद्ध लिझ कारमूश. जून २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, ५२.२ किलोच्या स्ट्रॉवेट गटात. ऋतू फोगाट २०१९ मध्ये कुस्तीतून वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए संस्थेत गेली. पुरुषांत अंशुल जुबलीनं फेब्रुवारी २०२३ मध्ये 'रोड टू यूएफसी' ही पात्रता स्पर्धा जिंकून करार मिळवला.

देशातल्या स्पर्धांचं म्हणाल तर सुपर फाइट लीगची पहिली रात्र मार्च २०१२ ची, मुंबईतच. २०१९ पासून मॅट्रिक्स फाइट नाइट. सुरुवातीच्या कार्यक्रमांत बाहेरच्या नावांवर भर होता. आता आपल्याच पोरापोरींच्या लढती पाहायला लोक येतात, हा बदल मला जास्त मोलाचा वाटतो.

जिम निवडताना मी पाहीन ते हे: मॅट दर सत्रानंतर पुसला जातो का, आणि जंतुनाशक डब्यावर लिहिलेला वेळ ओलं राहू देतात का. लगेच कोरडं केलं तर काही मरत नाही. गजकर्ण हा या खेळाचा सर्वांत चिवट शत्रू आहे. मेडिकलमध्ये न विचारता मिळणाऱ्या मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, पोरं मॅटवर परततात, आणि बुरशी आत पसरत राहते. त्वचेच्या डॉक्टरांकडेच जा.

हलगी

रानजाईताई, खूप आभार. सामानाचं पण सांगा कुणीतरी. पोरं आधी चार औंसाचे ग्लोव्ह घेऊन येतात.

अष्टकोन

चार औंसाचे लढतीसाठी. सरावात ठोसे-लाथांच्या स्पारिंगला (सरावाच्या लढतीला) १६ औंसाचे बॉक्सिंग ग्लोव्ह, मिश्र स्पारिंगला जाड गादीचे ७ औंसाचे, आणि नडगीला शिन गार्ड. पुरुषांना जांघेसाठी कप हवाच.

दात वाचवणारं गमशील्ड उकळून चावायचं असतं. पाकिटावर जेवढे सेकंद लिहिले तेवढेच. जास्त ठेवलं तर ते लिबलिबीत होतं आणि दाढांखाली कागदासारखं पातळ बनतं. तोंडात घातल्यावर बोटांनी बाहेरून हिरडीला दाबा, जीभ आतून टाळूला. तोंड उघडल्यावर ते आपोआप खाली पडलं तर बसलेलं नाही, पुन्हा करा.

पहिले तीन महिने डोक्यावर मोकळं स्पारिंग नको. स्पारिंगमध्ये कुणी भोवंडला तर त्या दिवशी सराव बंद, 'एक फेरी आणखी' नाही. अमेरिकेत नॉकआऊटनंतर राज्याचं क्रीडा कमिशन सहसा ३० ते ९० दिवस लढायला मनाई करतं. आपल्याकडे नेवाडासारखं कायद्यानं नेमलेलं कमिशन नाही, म्हणून या दिवसांची नोंद प्रशिक्षकानं स्वतः ठेवायची. लढत स्वीकारण्यापूर्वी आयोजकाला विचारा: पिंजऱ्याशेजारी डॉक्टर आहे का, रुग्णवाहिका दाराशी उभी राहणार का, रक्ततपासणी कोणत्या मागणार. उत्तर लेखी आलं नाही तर लढत सोडा.

तिसरा पंच

वजनाबद्दल कुणी बोललं नाही, आणि सर्वांत मोठा धोका तिथं आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये वन चॅम्पियनशिपच्या मनिला इथल्या लढतीआधी वजन उतरवताना यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा चिनी खेळाडू दगावला. त्यानंतर त्यांनी पाणी काढून वजन उतरवणं बंद केलं. आता तिथं वजनाबरोबर लघवीची घनताही मोजतात आणि ती १.०२५ च्या वर गेली की खेळाडू नापास. कॅलिफोर्नियानंही २०१७ मध्ये नियम आणले: वजन केल्यापासून लढतीपर्यंत दहा टक्क्यांहून जास्त वजन परत चढलं तर वरच्या गटात जाण्याची शिफारस होते.

आपल्याकडे पोरं स्वेटरवर रेनकोट घालून उन्हात धावतात आणि दोन दिवस पाणी तोडतात. हौशी स्पर्धेत वजन बहुधा त्याच दिवशी सकाळी होतं, भरपाईला वेळच नसतो. तिथं पाणी तोडूच नये. दहा-बारा आठवडे आधी गट ठरवा, आठवड्याला अर्धा किलो याप्रमाणे चरबी उतरवा, शेवटच्या दोन दिवसांत पोळी-भाकरी-कोशिंबिरीसारखं चोथ्याचं अन्न कमी करा. आतड्यातलं वजन तेवढ्यानंही घटतं.

वजन दिल्यावर नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. डब्लूएचओ फॉर्म्युला लिहिलेली ओआरएसची पुडी, तिच्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात, घोटाघोटानं. गोड टेट्रापॅक चालणार नाही. मग भात, केळी, मऊ खिचडी. तेलकट आणि तिखट काही नको.

तांबडी माती

गुणांचं एकदा स्पष्ट करा. आखाड्यातली माणसं पहिल्यांदा पाहतात तेव्हा म्हणतात, पाडलं तरी हरला कसा?

तिसरा पंच

पाडण्याला स्वतंत्र गुण नाहीत. तीन पंच प्रत्येक फेरीला स्वतंत्र गुण देतात, जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला बहुधा ९. पहिला निकष परिणाम: ठोसा-लाथेनं किती इजा झाली, पकडीनं लढत संपण्याच्या किती जवळ नेली. पाडून वर नुसतं पडून राहिलात आणि खालच्यानं कोपरानं भुवई फोडली, तर फेरी त्याची. या निकषावर दोघं अगदी सारखे असतील तरच आक्रमकता पाहायची, तीही सारखी असेल तरच मैदानावरचा ताबा. ठळक वर्चस्व आणि इजा असेल तर १०-८.

नियम गोठलेले नाहीत हेही लक्षात ठेवा. वरून सरळ खाली मारलेल्या कोपरावर बंदी होती. डिसेंबर २००९ मध्ये मॅट हॅमिलविरुद्ध एकतर्फी जिंकत असलेला जॉन जोन्स त्याच कोपरांमुळे बाद ठरला. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती बंदी उठली. त्याच दिवशी 'खाली असलेला' खेळाडू कोण हेही बदललं. आधी हात टेकवून लोक डोक्यावरच्या गुडघ्यापासून वाचत. आता तळहात-तळपायाशिवाय दुसरा भाग टेकला असेल तरच तो खाली. बदल लागू करण्याची तारीख प्रत्येक राज्य आणि संस्था स्वतः ठरवते, तेव्हा लढतीआधीच्या नियमसभेत रेफरीला हे दोन प्रश्न विचाराच.

हलगी

म्हणजे एक हात टेकवून थांबायची सवय आजच सोडायची. लिहून घेतलं.

भारंदाज

हो. आणि पट अडवला गेल्यावर पैलवान नेमका तसाच, एक हात टेकवून वाकलेला राहतो. तिथं दोनच वाटा: लगेच गुडघा टेकवून एकेरी पटाकडे वळा, नाहीतर हात वर घेऊन सरळ उभे राहा.